ओबेरहाइम मॅट्रिक्स-१०००: बॅटरी बदलण्याआधी हे वाचा, आणि या चुका टाळा

जुना मॅट्रिक्स-१००० (ओबेरहाइमचं सिंथेसायझर मॉड्यूल) हातात आला की झाकण उघडून बॅटरी बदलायची घाई होते. थांबा. ००० ते १९९ हे २०० आवाज (साठवलेल्या ध्वनिरचना, म्हणजे पॅच) बदलता येणाऱ्या स्मृतीत, रॅममध्ये असतात आणि ३ व्होल्टची लिथियम बॅटरीच ते जपून ठेवते. ती काढली की आवाज गेले. २०० ते ९९९ रॉममध्ये, म्हणजे कायमच्या स्मृतीत असल्यामुळे त्यांना धक्का लागत नाही, आणि फसगत तिथेच होते: मॉड्यूल नीट वाजतं, सगळं ठीक वाटतं, पुढे कधीतरी पहिल्या दोन बँका (प्रत्येकी १०० आवाजांचे गट) उघडल्यावर घोटाळा कळतो. माझे स्वतः घडवलेले काही आवाज असेच गेले, त्याची हळहळ अजून वाटते.

म्हणून आधी मिडीवरून (वाद्य आणि संगणक जोडणारी पद्धत) सिसेक्स डंप घ्या, म्हणजे सगळ्या आवाजांचा डेटा संगणकावर फाइलमध्ये उतरवून घ्या. फाइल सेव्ह झाली म्हणजे काम झालं असं धरू नका. एक आवाज २७५ बाइटचा, म्हणजे १०० आवाज सुमारे २७,५०० बाइट. फाइल त्यापेक्षा बरीच लहान असेल तर डेटा वाटेत गळलाय. स्वस्त यूएसबी-मिडी केबल लांब सिसेक्स संदेश बऱ्याचदा अर्धवट सोडते. चांगला इंटरफेस वापरा आणि आवाज परत पाठवताना दोन संदेशांमध्ये थोडा अवकाश ठेवा. नवी बॅटरी बसवतानाच होल्डरही लावून घ्या, पुढच्या वेळी डाग (सोल्डर) द्यावा लागणार नाही.

आवाज अडखळतोय, नोट उशिरा वाजतेय? बहुधा संगणकावरचा एडिटर (आवाज घडवण्याचं सॉफ्टवेअर) फार वेगाने बदल पाठवतोय. मॉड्यूलवर आवाज घडवायला नॉब नाहीत आणि मॉड्यूलमधल्या मूळ सॉफ्टवेअरला, फर्मवेअरला, एवढा मारा पेलत नाही. फिल्टरचा स्वीप (स्वर हळूहळू उजळत किंवा मंदावत जाणं) हवा असेल तर तो मॉड्यूलच्याच एलएफओ (संथ लहर) किंवा एन्व्हलपकडून (नोटेबरोबर होणाऱ्या बदलाचा आराखडा) करून घ्या. दोन डीसीओ (डिजिटल नियंत्रणाचे स्वरनिर्माते) आणि खरा अ‍ॅनालॉग फिल्टर अशी रचना असल्यामुळे तो स्वीप फार देखणा होतो.

रॉममधला आवाज बदललात तर तो पहिल्या २०० जागांपैकी एकीतच साठवता येतो. साठवण्याआधी दुसरा आवाज निवडलात तर केलेले बदल पुसले जातात.

आउटपुट मोनो आहे, दुसरा जॅक शोधत बसू नका. रुंदी हवी असेल तर कोरस इफेक्ट बाहेरून जोडा.

नग अमेरिकेतून किंवा जपानमधून आला असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटात पिन घालण्याआधी मागची व्होल्टेजची पाटी वाचा.