परदेशी फ्रीलान्सरला काम देताना: एका बेदाणा निर्यातदाराच्या अनुभवातून

स्वस्त पडतं म्हणून परदेशात काम देणार असाल, तर आधी कॉलेज रोडला एक चक्कर मारा. वेबसाइट, डिझाइन, हिशेब, डेटा एंट्री करणारी हुशार मुलं नाशिकमध्येच आहेत. त्यांच्याशी समोरासमोर बसून बोलता येतं, आणि पैसे पाठवायला बँकेचे कागद भरावे लागत नाहीत. बाहेर द्यायचं ते असं काम, जे इथे बसून कितीही हुशार माणसाला नीट जमणार नाही.

पिंपळगाव बसवंतजवळ आमचं बेदाणा पॅकिंगचं युनिट आहे. छोट्या पाकिटांतला माल जर्मनीला जातो. आम्ही बाहेर देतो ती कामं मोजकी: जर्मन लेबल, तिथल्या दुकानदारांशी पत्रव्यवहार आणि फोटो. फोटोंचं कारण साधं आहे. आपल्याकडे बेदाणा शिऱ्यात, पुलावात पडतो. तिकडे तो सकाळच्या म्युस्लीच्या, म्हणजे ओट्स-सुकामेव्याच्या न्याहारीच्या, वाडग्यात आणि केकमध्ये पडतो. तो वाडगा, तो चमचा, खिडकीतून येणारा तो उजेड तिथल्याच फोटोग्राफरला बरोबर कळतो.

लेबलचं जरा सविस्तर सांगते, कारण माणूस कसा निवडायचा ते त्यातच कळेल. भाचा म्हणाला, "मावशी, भाषांतर तर मशीन फुकट करून देतं." देतं. पण आपल्या पाकिटावर सोडियम छापलेलं असतं आणि युरोपियन युनियनच्या ११६९/२०११ या नियमाप्रमाणे तिथे मीठ लिहावं लागतं, म्हणजे सोडियमचा आकडा गुणिले २.५. ऊर्जा किलोज्यूल आणि किलोकॅलरी दोन्हींत द्यायची. दशांश चिन्हाच्या जागी जर्मनीत स्वल्पविराम येतो. सोनेरी बेदाण्यात सल्फर डायऑक्साइड असतो. तो किलोमागे १० मिलिग्रॅमच्या वर गेला की घटकांच्या यादीत त्याचं नाव इतर मजकुरापेक्षा उठून दिसलं पाहिजे. अक्षराची उंचीसुद्धा ठरलेली आहे: नेहमीच्या आकाराच्या पाकिटावर इंग्रजी लहान एक्सची उंची किमान १.२ मिलिमीटर. आमच्या भाषांतरकार बाईंना मी मजकूर पाठवला, तर भाषांतराआधी त्यांचा प्रश्न आला: सल्फरचा लॅब रिपोर्ट कुठे आहे? त्या एका प्रश्नावर मी त्यांना काम दिलं.

तेव्हा निवडीची माझी पद्धत अशी. अपवर्क, फायव्हरसारख्या कामं देण्या-घेण्याच्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर किंवा भाषांतरकारांच्या प्रोझ या साइटवर तीन जण हेरायचे आणि तिघांना एकच छोटं काम पैसे देऊन करायला सांगायचं. फुकट नमुना मागू नका; चांगला माणूस तिथेच निघून जातो, आणि ते बरोबरही नाही. कामात एखादी माहिती मुद्दाम मोकळी ठेवा. कोण विचारतं ते बघा. एकही प्रश्न न विचारता दुसऱ्या दिवशी चकचकीत फाइल टाकणाऱ्याला मी पुढचं काम देत नाही, मग त्याला कितीही तारे असोत.

काम लिहून देताना हात आखडता घेऊ नका. माल काय, घेणार कोण, फाइल कोणत्या फॉरमॅटमध्ये हवी, दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या दरात धरल्या आहेत, शेवटचा शब्द कुणाचा, हे सगळं एका पानात बसतं. सोबत आवडलेला एक आणि नावडलेला एक नमुना जोडा. फोनवर "तुम्हाला कळलंच असेल" म्हणून भागतं ते आपल्या माणसांत. परक्या देशात लिहिलेलं तेवढंच खरं.

पैशाचं. पहिलं काम ठरीव रकमेचं, टप्प्यांत तोडलेलं असू द्या. रक्कम प्लॅटफॉर्मकडे अडकून राहते आणि काम मान्य केल्यावर सुटते, दोघांनाही धीर असतो. कमिशन वाचवायला प्लॅटफॉर्मबाहेर पैसे देण्याच्या भानगडीत पडू नका. तिथे ओळख झालेल्या माणसाशी दोन वर्षं तिथूनच व्यवहार करायचा ही अपवर्कची अट आहे. कार्ड चालत नसेल तर घाबरू नका. मार्च २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवं कार्ड फक्त देशात चालू असतं, परदेशी व्यवहार आपणच बँकेच्या ॲपमधून सुरू करायचा.

बँकेतून थेट पैसे पाठवणार असाल, तर करार करायच्या आधी सीएकडे जा, बिल आल्यावर नाही. परदेशी माणसाला पैसे देताना टीडीएसचा, म्हणजे देतानाच कर कापून घेण्याचा, प्रश्न येतोच. १९६१ च्या कायद्यात त्यासाठी कलम १९५ होतं; १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यामुळे कलमांचे आणि फॉर्मचे जुने नंबर पाठ असले तरी नव्याने विचारा. दोन देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार असेल तर सवलत मिळू शकते, पण त्यासाठी फ्रीलान्सरकडून त्याच्या देशाचं कर-रहिवासी प्रमाणपत्र लागतं. ते मिळायला वेळ जातो, म्हणून पहिल्याच मेलमध्ये मागा. जीएसटीही आहे: धंद्यासाठी परदेशातून सेवा घेतली की रिव्हर्स चार्जने कर आपण भरायचा, साधारण १८ टक्के, आणि तो रोखीच्या लेजरमधूनच, म्हणजे जमा क्रेडिट न वापरता खरे पैसे भरून. नोंदणी असेल तर पुढे त्याचं क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वजावट, मिळतं, तरी तेवढे पैसे मध्ये अडकतात. दराची तुलना करताना ते धरा.

आता ज्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं, ते हक्काचं. पैसे दिले म्हणजे डिझाइन आपलं झालं, असं नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, कलम १९ सांगतं की हक्क लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर तो पाचच वर्षांचा धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. जर्मनीत माल विकणाऱ्याला भारतापुरत्या हक्काचं काय करायचं? म्हणून करारात स्पष्ट लिहा: जगभरासाठी, हक्काच्या पूर्ण मुदतीसाठी, सगळ्या माध्यमांसाठी, आणि वर्षभर वापरलं नाही तरी हक्क रद्द होणार नाही. प्लॅटफॉर्मच्या छापील अटी वाचा, पण हक्काच्या आपल्या दोन ओळी लिहून त्यावर फ्रीलान्सरची सही वेगळी घ्या. मूळ फाइल्स आणि फॉन्टचं लायसन्स शेवटचा हप्ता सोडायच्या आधी ताब्यात हवं.

वेळेचं गणित सोपं आहे. जर्मनी उन्हाळ्यात आपल्यामागे साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. घड्याळ मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. आपली दुपार म्हणजे त्यांची सकाळ, बोलणं तेव्हाच उरकावं. नाताळ ते नवीन वर्ष तिकडे कुणी सापडत नाही, आणि आपल्याकडे तेव्हा द्राक्षाचा हंगाम तोंडावर असतो. म्हणून पुढच्या मालाची लेबलं मी गणपतीतच काढायला घेते, दिवाळीपूर्वी छपाईला देते. आपल्या सुट्ट्याही त्यांना आधी कळवा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी उत्तर का येत नाही हे त्या बिचाऱ्यांना कसं कळणार?

ग्राहकांची यादी, बँकेचे तपशील, मुख्य मेलचा पासवर्ड कुणालाही देऊ नका. पत्रव्यवहारासाठी कंपनीच्या नावाचा वेगळा मेल उघडा, फाइल्सचा एकच फोल्डर शेअर करा आणि ओटीपी युनिटच्या नंबरवर ठेवा. भाव आणि सवलत ठरवायचा अधिकार आपल्याकडेच. तिकडच्या माणसाने पत्र जर्मन भाषेत सुंदर लिहावं, आकडा आपण टाकावा. काम संपलं की त्याच दिवशी फोल्डर बंद करा, मेलचा पासवर्ड बदला, आणि काम आवडलं असेल तर प्लॅटफॉर्मवर दोन ओळी मनापासून लिहा. पुढचं काम त्या माणसाला त्यावरच मिळतं.