कढईतला गूळ-बेदाण्याचा केक

गूळ आणि तासगावचे बेदाणे सांगलीकडं घरात असतातच. जाड बुडाच्या कढईत स्टँड ठेवून, झाकण लावून मध्यम आचेवर 10 मिनिटं तापवा. तोवर पाऊण वाटी चिरलेला गूळ अर्धी वाटी गार दुधात विरघळवून गाळा. गरम दूध गुळानं फाटतं. त्यात अर्धी वाटी दही, पाव वाटी तेल. दीड वाटी कणीक, सपाट अर्धा चमचा खायचा सोडा चाळून हलकेच कालवा. फेटत बसलात तर केक चिवट होतो. बेदाणे कणकेत घोळवून टाका, नाहीतर तळाशी बसतात. मिश्रण लगेच तेल लावलेल्या डब्यात ओता, दह्यानं सोडा फसफसायला लागलेला असतो. डबा तापलेल्या कढईत स्टँडवर ठेवून, झाकण लावून मंद आचेवर साधारण 40 मिनिटं. पहिली 30 मिनिटं झाकण उघडू नका, केक मध्येच खचतो. सुरी कोरडी निघाली की उतरवा, गार झाल्यावरच कापा.