कॉल यायच्या आधीची तयारी: बेळगावकडच्या नव्या आर्टिस्ट पोरांसाठी

डिप्लोमा झाला, बीव्हीए झालं, खोलीत कॅनव्हासची थप्पी लागलीय आणि आता प्रदर्शन कुठं लावायचं, कोण विचारतंय आपल्याला, असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, तिकडं खाली कारवारपर्यंतची पोरं-पोरी. बहुतेक ओपन कॉल, म्हणजे प्रदर्शनासाठी नाहीतर स्कॉलरशिपसाठी सगळ्यांकडनं अर्ज मागवतात ते, दोन-तीन आठवड्यांसाठी उघडे असतात आणि नेमके आपण मूर्तीशाळेत गणपती रंगवत बसलेलो असतो नाहीतर मंडळाच्या देखाव्याचं थर्माकोल कापत असतो, मग शेवटच्या रात्री मोबाईलवर फोटो काढून फॉर्म भरायचा आणि नाव लागलं नाही की ज्युरीला, म्हणजे कामं निवडणाऱ्यांना, शिव्या घालायच्या. तर कॉलची वाट न बघता एक फोल्डर आत्ताच तयार करायचं, एवढंच सांगायचंय, बाकी सगळं त्या फोल्डरमध्ये काय काय असावं याचीच गोष्ट आहे.

सगळ्यात आधी फोटो, कारण पहिल्या फेरीत तुमचं चित्र कोण बघत नाही, फोटोच बघतात. फ्रेम आणि काच लावायच्या आधीच काढून घ्या. दिवस जरा ढगाळ असेल तर उत्तम, नाहीतर सकाळच्या सावलीत, पण आपल्याकडं लाल मातीचं अंगण असतंय त्यात ठेवून काढू नका, खालनं चित्राला लाल झाक येते आणि नंतर एडिट करत बसलं की पांढरा निळा पडतो. भिंतीला चित्र एकदम सरळ टांगा, कॅमेरा चित्राच्या मध्याच्या उंचीवर धरा, फ्लॅश बंद, झूम करायचं तर लांब उभं राहून करा म्हणजे कडा वाकड्या येत नाहीत. एक पूर्ण चित्र, एक जवळनं टेक्श्चरचा, आणि शिल्प किंवा इन्स्टॉलेशन असेल तर चारी बाजूंनी आणि शेजारी माणूस उभा करून एक, म्हणजे साईज कळते. मोठी फाईल ३०० डीपीआयची जपून ठेवा आणि त्याचीच छोटी कॉपी एक-दोन एमबीची करून ठेवा, कारण निम्मे फॉर्म मोठी फाईल घेतच नाहीत. फाईलचं नाव व्हॉट्सअ‍ॅपनं दिलेलं तसंच ठेवू नका. तुमचं नाव, चित्राचं नाव, वर्ष. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरनं आलेला फोटो तर कधीच पाठवू नका, तो दाबून लहान झालेला असतो.

प्रत्येक कामाची एक ओळ लिहून ठेवा: नाव, माध्यम, माप, वर्ष. माप लिहिताना उंची आधी, रुंदी नंतर, आणि इंच का सेंटीमीटर ते लिहायचं. दहा-बारा कामं पुरे, तीस नकोत, आणि त्यात दुसऱ्या वर्षाचं स्टिल लाईफ, कुणाच्या तरी आजोबांचं पोर्ट्रेट आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट अशी मिसळ करू नका, ज्युरीला एकच माणूस दिसला पाहिजे.

स्टेटमेंट, म्हणजे आपण काय काम करतो आणि का ते सांगणारा मजकूर, हा अवघड घास. दीडशे-दोनशे शब्द, बास. "माझ्या चित्रांतून मानवी भावनांचा शोध" असलं लिहू नका, ते सगळेच लिहितात. शहापूर-वडगावच्या मागावर तुमचे वडील साडी विणत होते आणि तुम्ही त्याच सुताचं काम करताय तर तेच सरळ लिहा की. आधी मराठीत लिहून काढा, मग कुणाकडनं तरी इंग्रजी आणि कन्नड करून घ्या, तिन्ही फोल्डरमध्ये ठेवा. कन्नड आपल्याला बोलता येतंय पण अर्जाची कन्नड वेगळी असते, वर्गातल्या एखाद्या कन्नड मित्राला चहा पाजून तपासून घ्या, भाषेवरनं बाहेर जो काय वाद चालायचा तो चालू दे, फॉर्म बरोबर गेला पाहिजे.

कागदपत्रांत आपल्या भागाची एक खास भानगड आहे. मार्क्स कार्डावर इनिशियल, आधारवर पूर्ण नाव, पॅनवर वडिलांचं नाव मध्ये, आणि चित्रावर सही चौथीच. स्कॉलरशिपचे पैसे आले की बँक नाव जुळत नाही म्हणून अडवते. सगळीकडं एकच नाव करून घ्या, नसेल होत तर अ‍ॅफिडेव्हिट करून ठेवा. गावाचं नावही तसंच, १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं, त्यामुळं जुन्या दाखल्यावर एक आणि नव्यावर दुसरं, फॉर्मवर आत्ताच्या आधारवर आहे तेच टाका. स्वतःच्या नावाचं बँक खातं पाहिजे, भावाचं चालत नाही.

आता लावायचं कुठं. सुरुवात घरातनंच करा असं माझं मत. टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघात चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या नावाचं कलादालन आहे, त्यांच्याच हाताखाली शिकून रवी परांजपेंसारखा चित्रकार बेळगावातनं बाहेर पडला, तर तिथं तीन-चार जणांनी मिळून भाडं वाटून घेऊन शो करायला काय हरकत आहे? लायटिंग कसं पडतंय, चित्रं किती अंतरावर लावायची, लोक कुठल्या चित्रापाशी थांबतात आणि कुठलं ओलांडून जातात, हे शिकायला बेळगावात खर्च कमी येतो. त्यानंतर कोल्हापूर, शाहू स्मारकच्या कलादालनात कायम काही ना काही लागलेलं असतं आणि दळवीज, कलानिकेतन या तिथल्या आर्ट कॉलेजांची पोरं-मास्तर बघायला येतात, बोलतात, तोंडावर चुका सांगतात. गोवा तर चोर्ला घाट उतरला की आलंच. पणजीत आल्तिनोवर सुनापरांत हे कलाकेंद्र आहे, पिळर्णला म्युझियम ऑफ गोवा, आणि डिसेंबरात सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल असतो, २०१६ पासून. तिथं आपलं काम लागलं नाही तरी जाऊन बघून या, कंटेम्पररी, आजच्या कलेत म्हणजे काय चाललंय ते रीलवर कळत नाही.

बंगळूरकडं आपली पोरं उगीच कमी जातात. रात्री राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी तिथं. तिथल्या चित्रकला परिषदेची चित्रसंते, म्हणजे चित्रांचा बाजार, दर जानेवारीत कुमारकृपा रोडवर भरते, २००३ पासून, एक दिवसाची, देशभरातले हजारावर आर्टिस्ट रस्त्यावर स्टॉल लावून बसतात, अर्ज आधीच काही महिने करावा लागतो म्हणून दिवाळीच्या आधीपासनंच चौकशी चालू ठेवा. तिथं मोठं काम कमी जातं, छोटी कामं, प्रिंट, ड्रॉईंग जास्त जातात. क्यूआर कोड छापून न्या, सुट्टे पैसे न्या, टोपी न्या, एक माणूस सोबत न्या नाहीतर जेवायला उठता येत नाही. कर्नाटक ललितकला अकादमीचं वार्षिक प्रदर्शन आहे, त्याला आपण कर्नाटकातले म्हणून सरळ पात्र असतो. उलट महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शनाला पाठवायच्या आधी रहिवासाची अट नीट वाचा, सीमाभाग म्हणून आपोआप धरतील असं समजू नका.

मुंबईचं सगळ्यांना जहांगीरच पाहिजे असतं. १९५२ पासूनची गॅलरी, नाव आहे, पण स्वतःच्या शोसाठी अर्ज करून नंबर लागायला वर्षं जातात, तर अर्ज आज टाकून द्या आणि विसरून जा. तोवर बॉम्बे आर्ट सोसायटी, १८८८ ची, आणि आर्ट सोसायटी ऑफ इंडिया, १९१८ ची, यांची वार्षिक प्रदर्शनं आहेत, त्यात एक-एक काम पाठवत राहा. दिल्लीच्या ललित कला अकादमीचं राष्ट्रीय प्रदर्शनही तसंच. अजून कॉलेजात असाल तर कोची बिएनालेची, म्हणजे कोचीत भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनाची, विद्यार्थ्यांसाठी स्टुडंट्स बिएनाले असते, त्याची चौकशी मास्तरांकडं करा, त्यांना माहीत नसेल तर तुम्हीच सांगा.

पैशाची मदत. संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांची स्कॉलरशिप आहे, वय १८ ते २५, महिन्याला ५,००० रुपये, दोन वर्षं, चित्र-शिल्प दोन्हीला; ती मंत्रालयाच्याच सीसीआरटी या संस्थेकडनं निघते आणि गुरूचं किंवा संस्थेचं पत्र लागतं, तर मास्तर रिटायर होऊन गावी जायच्या आत लेटरहेडवर घेऊन ठेवा. २५ ते ४० मधल्यांना त्याच मंत्रालयाची ज्युनिअर फेलोशिप, महिन्याला १०,०००, तीही दोन वर्षं, पण त्याला नुसती चित्रं नाही, एखादा विषय घेऊन प्रोजेक्ट लिहावा लागतो. बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स, म्हणजे आयएफए, ही कलेला अनुदान देणारी संस्था कुठल्याही भारतीय भाषेत लिहिलेला प्रस्ताव घेते. म्हणजे मराठीत लिहा की राव! शिवाय त्यांचा 'कलि-कलिसु' म्हणून कर्नाटकातल्या सरकारी शाळांसोबत काम करायचा कार्यक्रम आहे, आपल्या गावातल्या सरकारी मराठी शाळेत पोरांबरोबर काही करायची इच्छा असेल तर हे डोक्यात ठेवा, पार्टटाईम ड्रॉईंग टीचर म्हणून घासण्यापेक्षा बरं. रेसिडेन्सीत, म्हणजे काही दिवस एखाद्या संस्थेत राहून काम करायचं त्यात, दिल्लीच्या खोज संस्थेची 'पीअर्स' ही कॉलेजातनं नुकत्याच बाहेर पडलेल्यांसाठीच आहे, आणि इन्लॅक्सचा फाईन आर्ट अवॉर्ड, फिकाचा इमर्जिंग आर्टिस्ट अवॉर्ड ही नावं लिहून ठेवा. पहिल्या झटक्यात मिळत नाही, पण अर्ज लिहायची सवय लागते.

आणि एक सांगतो, इन्स्टाग्रामवर मेसेज येतात बघा, "युअर वर्क इज सिलेक्टेड फॉर इंटरनॅशनल एक्झिबिशन", तीन-चार हजार भरा, मेडल आणि सर्टिफिकेट मिळेल. तुम्ही अर्जच केला नाही तर सिलेक्ट कोण केलं? एंट्री फी घेणारे सगळेच चोर नाहीत, जुन्या सोसायट्याही घेतात, पण ज्युरी कोण, जागा कुठली, मागच्या वर्षीचा कॅटलॉग कुठाय, एवढं विचारा, उत्तर गोलगोल आलं की सोडून द्या. घरचे सर्टिफिकेट फ्रेम करून लावतात हे खरं, पण त्या पैशात दोन चांगले कॅनव्हास येतात.

पॅकिंगला वेळ द्या. बबल रॅप थेट रंगावर गुंडाळला की अ‍ॅक्रिलिकवर त्याचे गोल उठतात, ऊन लागलं तर चिकटतोच, म्हणून आधी ग्लासिन हा गुळगुळीत कागद किंवा बटर पेपर, मग बबल रॅप फुगे बाहेर करून, कोपऱ्यांना जाड पुठ्ठा, वरनं प्लायचं नाहीतर कोरुगेटेडचं खोकं. काचेच्या जागी अ‍ॅक्रिलिक शीट घाला, बसच्या डिकीत काच टिकत नाही. गुंडाळून न्यायचं असेल तर चार इंची पीव्हीसी पाईपवर, रंग बाहेरच्या बाजूला करून. मागं टांगायला डी-रिंग आणि वायर आधीच लावा, आणि मागच्या बाजूला नाव, गाव, फोन लिहा. पाठवायच्या आधी चारी कोपऱ्यांचे फोटो काढा आणि पोचल्यावर सही घ्या. एका ग्रुप शोमधनं माझी फ्रेम कोपरा फुटून परत आली, आयोजक म्हणाले आधीच फुटलेली होती, फोटो दाखवल्यावर गप बसले.

किंमत स्क्वेअर इंचावर काढा, सुरुवातीला तेच सोपं. समजा १५ रुपये धरले तर २४ बाय ३० चं काम ७२० इंच, म्हणजे १०,८०० रुपये, फ्रेम वेगळी. गॅलरीनं ३० टक्के घेतलं तर ३,२४० त्यांचे, ७,५६० तुमचे, हे मान्य असेल तरच हो म्हणा, आणि घरी आलेल्या मामाला अर्ध्या किमतीत देऊ नका, नाहीतर गॅलरीतली किंमत खोटी ठरते. कमिशन किती, पैसे किती दिवसांत, न विकलेलं परत कोणाच्या खर्चानं, हे कागदावर किंवा निदान मेलवर घ्या. चित्र विकलं म्हणजे कॉपीराइट विकला असं नसतं, १९५७ च्या कायद्यानं तो लेखी दिल्याशिवाय तुमच्याकडंच राहतो, तेव्हा कुणी कॅलेंडरवर छापायलाय म्हटलं तर वेगळे पैसे मागा.

उद्घाटनाला कोण बोलवायचं यात चार दिवस घालवू नका. पाहुणे, शाल, नारळ, भाषणं, एवढ्यातच पहिली संध्याकाळ जाते आणि चित्रं बघायची राहतात. तरुण भारत, पुढारीच्या ऑफिसात आठवडाभर आधी एक पान मजकूर आणि दोन चांगले फोटो नेऊन द्या, छापून येतं. अभिप्रायाची वही ठेवा पण त्यात फोन नंबरचा रकाना आखा, "छान" लिहिणारे शंभर असतात, पुढच्या शोला बोलवायला नंबरच लागतो.

शो संपला की बातमीचं कात्रण, निवडपत्र, कॅटलॉगचं पान स्कॅन करून त्याच दिवशी सीव्हीत टाका. चित्रं परत आली की पॅकिंग लगेच सोडा, जून ते सप्टेंबर असेल तर त्याच दिवशी, खानापूरकडच्या हवेत बंद प्लॅस्टिकमध्ये कॅनव्हासला मागनं बुरशी धरते. खोकं मात्र टाकू नका, माप लिहून माळ्यावर ठेवा, सुतार परत तेवढ्याचेच पैसे घेतोय.