आयुर्विम्याची वैद्यकीय तपासणी कशी पार पाडावी

मोठ्या रकमेच्या टर्म विम्यासाठी तपासणीचा खर्च सहसा कंपनीच उचलते. रक्त आणि लघवीचे नमुने घरी येऊन नेले जातात. हृदयाची ट्रेडमिल चाचणी असल्यास केंद्रावर जावे लागते. रक्त देण्याआधी दहा-बारा तास उपाशी राहावे, पाणी चालते. ताप किंवा मासिक पाळी असल्यास तारीख पुढे न्यावी, आणि आदल्या दिवशी जड व्यायाम करू नये.

‘आठवडाभर गोड सोडा’ हा सल्ला निरर्थक आहे, कारण एचबीएवनसी चाचणी सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते. सिगारेटच काय, तंबाखू आणि मिश्रीही कोटिनिन चाचणीत (शरीरातला निकोटिनचा अंश शोधणाऱ्या) उघड होऊ शकते. रक्तदाबाची चालू गोळी मात्र मनाने बंद करू नये.

खरी कसोटी सुईची नसून डॉक्टरांच्या प्रश्नावलीची असते, आणि हल्ली ती बहुधा फोनवर किंवा व्हिडिओवर घाईघाईत उरकली जाते. एजंट शेजारी बसून ‘नाही म्हणा, पुढचं मी बघतो’ असे सुचवत असेल, तर त्याला सरळ बाहेर बसवावे; दावा फेटाळला गेला, तर तो निस्तरायला वारसांनाच धावपळ करावी लागते. जुन्या शस्त्रक्रिया, रुग्णालयातील मुक्काम, गोळ्यांची नावे व मात्रा, आई-वडील आणि भावंडांचे आजार, तसेच दुसऱ्या कंपनीने पूर्वी नाकारलेला प्रस्ताव, हे सारे आधीच कागदावर लिहून समोर ठेवावे आणि शेवटी नोंदवलेली उत्तरे वाचून दाखवायला सांगावे. प्रस्ताव अर्जातली उत्तरेही तीच असली पाहिजेत. एजंटने सगळीकडे ‘नाही’ भरलेल्या अर्जावर सही करणे मला अक्षम्य वाटते.

‘रिपोर्ट चांगले आले, म्हणजे प्रश्न मिटला’ हाही भ्रमच. विमा कायदा, 1938 च्या कलम 45 नुसार पहिल्या तीन वर्षांत महत्त्वाची माहिती लपवल्याच्या कारणावरून पॉलिसीला आव्हान देता येते. त्या काळात दावा आला, की कंपनी रुग्णालयाचे केसपेपर मागवते, आणि तिथे ‘पाच वर्षांपासून रक्तदाब’ अशी एक ओळ सापडली तरी पुरते.

तपासणीनंतर कंपनीने वाढीव हप्ता सांगितला, तर कारण लेखी विचारावे. पॉलिसी हाती पडताच सोबतच्या अर्जाची प्रत तपासावी; काही चुकीचे आढळल्यास ते लगेच लेखी कळवून दुरुस्त करून घ्यावे, आणि अटी पटत नसल्यास 30 दिवसांच्या आत पॉलिसी परत करावी.