खळ्यातला भूगोल: ऊन, दाब आणि समुद्राचे प्रवाह मुलांना कसे दाखवावेत

मे महिन्यात आमच्या खळ्यात एका बाजूला सोलं वाळत असतात आणि दुसऱ्या बाजूला माझ्या शिकवणीची नववीतली पोरं बसलेली असतात. हवामानाचा धडा आला की पूर्वी मी भिंतीवर बाणांचा नकाशा लावायचे. एकदा एका पोराने विचारलं, "बाई, वारो दिसणा नाय, तर तुमी तो दाखवतल्यात कसो?" तेव्हापासून नकाशा सगळ्यात शेवटी काढते.

आधी ऊन. रात्री आलेखाच्या कागदावर सरळ वरून बॅटरी मारा आणि उजेडाच्या गोलात किती चौकोन येतात ते मोजा. मग झोत कागदाशी 30 अंशांचा कोन करील इतकी बॅटरी कलती करा. तेवढाच उजेड आता दुप्पट जागेवर पसरतो, म्हणजे एकेका चौकोनाच्या वाट्याला निम्माच. 21 मार्चच्या सुमारास 60 अक्षांशावर भर दुपारचं ऊन असंच कलतं असतं. विषुववृत्त तापतं आणि ध्रुव गारठतात, त्याचं मूळ इथे आहे. सूर्य जवळ-लांब असण्याचा त्यात काही संबंध नाही, हे मुलांकडून दोनदा वदवून घ्या.

दुसऱ्या दिवशी खळ्यात काठी उभी रोवा. सिंधुदुर्गात मेच्या पहिल्या पंधरवड्यात एक दुपार अशी येते की काठीची सावली पायाशीच विरते. घड्याळातल्या बाराला मात्र बघू नका. आपली वेळ 82.5 अंश रेखांशावरून ठरते आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, त्यामुळे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या सुमारास.

आता दोन सारखी पातेली घ्या, एकात कोरडी वाळू, एकात पाणी, आणि दोन्ही उन्हात ठेवा. तापाचा थर्मामीटर वापरू नका. तो 42 अंशांपर्यंतचाच असतो. मी पहिल्या वर्षी तो तापल्या वाळूत खुपसला आणि फोडला, मग पोरांना लांब बसवून पारा गोळा करत बसले. हात लावला तरी कळतं. तितकंच वजन तितकंच तापवायला पाण्याला वाळूच्या साधारण पाचपट उष्णता लागते. रात्री उलट, वाळू आधी गार होते.

मग अगरबत्ती घेऊन किनाऱ्यावर जा. दुपारी तीनला धूर माडांकडे वळतो. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, तिथला दाब उतरतो आणि समुद्रावरची गार हवा आत शिरते: हे खारे वारे. पहाटे पाचला तीच अगरबत्ती लावा, धूर समुद्राकडे जाईल: हे मतलई. शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर बाहेर पडायच्या आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर परतायच्या.

हेच दोन टोप मनात मोठे करा. आशिया म्हणजे वाळूचा टोप, हिंदी महासागर म्हणजे पाण्याचा. उन्हाळ्यात राजस्थान-पाकिस्तानकडे दाब उतरतो, मादागास्करच्या पूर्वेला समुद्रावर तो चढा असतो. तिथून निघालेला वारा विषुववृत्त ओलांडतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतो आणि आपल्याकडे नैर्ऋत्येकडून येतो. पुढे सह्याद्री आडवा.

दाब दिसत नाही म्हणणाऱ्याला आंबोलीला न्या. सावंतवाडीत वेफर्सचं बंद पाकीट घ्यायचं, फोडायचं नाही. घाट चढता चढता ते फुगत जातं. आंबोली सुमारे 690 मीटर उंच, आणि दर आठ-नऊ मीटरला दाब साधारण 1 मिलिबारने उतरतो. (पाकीट परत खाली आणण्याचा प्रयोग आमच्याकडे कधीच यशस्वी झालेला नाही.)

वादळात एक जुना नियम वापरा. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. उत्तर गोलार्धात कमी दाब तुमच्या डाव्या हाताला, किंचित पुढे असतो. मे 2021 मध्ये तौक्ते आमच्या किनाऱ्याबाहेरून उत्तरेला सरकत होतं. मी दाराआडून अंदाज घेत होते. वारा पूर्वेचा होता तेव्हा डावा हात दक्षिणेकडे, वारा दक्षिणेचा झाला तेव्हा हात थेट समुद्राकडे. वादळ कुठे पोचलं ते हातच सांगत होता, वीज तर केव्हाच गेली होती.

प्रवाहांसाठी पारदर्शक डबा कोमट पाण्याने भरा आणि कपड्यांची नीळ घालून गोठवलेला बर्फाचा खडा एका कडेला सोडा. निळं गार पाणी तळाशी उतरून सरपटत जाईल. नॉर्वेचं बर्गन आणि लॅब्राडोरचं उत्तर टोक दोन्ही 60 अक्षांशाच्या आसपास. बर्गनला उबदार प्रवाह आणि समुद्रावरून येणारा वारा मिळतो, म्हणून तिथलं बंदर हिवाळ्यातही खुलं. लॅब्राडोरच्या किनाऱ्यावरून उत्तरेचं थंड पाणी वाहतं आणि तो गोठतो. आपल्या जवळचं उदाहरण सोमालियाचं. तिथला प्रवाह मोसमी वाऱ्यांबरोबर दिशाच बदलतो.

एल निनो मुलं वर्तमानपत्रातून ऐकून येतात. पॅसिफिकच्या मध्य-पूर्व भागातलं पाणी नेहमीपेक्षा तापलं की दाबाची वाटणी बदलते, एवढं सांगा. 'एल निनो म्हणजे दुष्काळ' असं पाठ मात्र करू देऊ नका. 1997 चा एल निनो जबरदस्त होता, तरी देशात पाऊस सरासरीला पोचला. 2009 मध्ये तो त्याहून सौम्य होता आणि दुष्काळ पडला.

काठी मात्र जूनमध्ये उपटू नका. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य पुन्हा आपल्या माथ्यावरून जातो. इतक्या वर्षांत ती दुपार मला एकदाच बघायला मिळाली, तीही पाचेक मिनिटं. बाकी दरवर्षी ढग.