ठेकेदार बदलला तरी नंबर बदलू देऊ नका

परभणी, बीड, जतकडून नवी मुंबईत रबाळे, महापे, तुर्भ्याला कामाला येणाऱ्यांना खोली कुठे मिळेल, कोणती लोकल पकडायची, हे कुणी ना कुणी सांगतंच. आजारपणात चौदा दिवस घरी बसावं लागलं तर चूल कशावर पेटणार, हे मात्र कुणी सांगत नाही. कोरोनात दिघा-इलठणपाड्याच्या खोल्याखोल्यांत हा प्रश्न आला होता, म्हणून लिहिते आहे.

पगार कापू नका, असा आदेश केंद्राने २९ मार्च २०२० ला काढला खरा, पण मे महिन्यात तो मागे घेतला. त्या काळात रोख पैसे मिळाले ते बहुतेक आधीपासून कुठेतरी नाव नोंदलेल्यांनाच. म्हणून आल्याआल्या आपली नोंद झाली का आणि तिचा नंबर कोणता, ते बघा.

कंपनीत लागलात आणि पगार २१,००० पर्यंत असेल, तर ईएसआयसीची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आजारपण विम्याची, वर्गणी कापली गेली पाहिजे. तुमच्याकडून ०.७५ टक्के, मालकाकडून ३.२५. कोरोना झालेल्यांना याच खात्यातून आजारपणाचा भत्ता मिळत होता: रोजाच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. दिवसाला ५०० पडत असतील तर ३५०. पहिले दोन दिवस धरत नाहीत, म्हणजे चौदा दिवसांचे ४,२००. खोलीचं भाडं निघतं. त्यासाठी सहा महिन्यांच्या ठरलेल्या मुदतीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते, आणि एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर भत्ता मिळतो तो पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये. म्हणजे नव्या माणसाला पहिले साधारण नऊ महिने रोख काही नाही. औषधपाणी मात्र सुरुवातीपासून मिळतं. वाशीला आणि ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये त्यांची रुग्णालयं आहेत.

आता नीट ऐका. गेट तेच, मशीन तेच, पण कागदावर ठेकेदार बदलतो. नवा ठेकेदार आधार घेतो आणि जुना नंबर न विचारता नवाच काढतो. आमच्या शेजारच्या खोलीतल्या लातूरच्या मुलाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तेव्हा त्याच्याकडे पगाराच्या दोन स्लिपा होत्या, नाव एक आणि नंबर दोन. दिवस इकडे थोडे, तिकडे थोडे, ७८ कुठेच भरेनात. घरी बसला तेवढ्या दिवसांचा पगार गेला, भत्ताही गेला, आणि बायकोने मंगळसूत्र गहाण ठेवलं. ईएसआयसीचा नंबर जन्मभर एकच असतो. मोबाइलमध्ये फोटो ठेवा, नव्या ठेकेदाराला पहिल्याच दिवशी दाखवा, पहिली स्लिप आली की आकडा आकड्याशी जुळवून बघा. पीएफच्या यूएएनचंही, म्हणजे तिथल्या कायमच्या नंबरचंही, तेच.

आपल्या लोकांची एक गोष्ट मला अजिबात पटत नाही. ठेकेदार गावाकडचा, नात्यातला असला की त्याच्याकडे स्लिप मागायला संकोच वाटतो. त्याच्या घरच्या लग्नाला जरूर जा, पण स्लिप मागाच. वर्गणी कापून न भरणारे गावचेही असतात. या शहराला मी नावं ठेवणार नाही. इथे कागद चोख असला की तुम्ही कुठले, हे खिडकीवर कुणी विचारत नाही.

आजारी पडलात तर ईएसआयसीच्या डॉक्टरकडून सर्टिफिकेट पहिल्याच दिवशी घ्या. बरं झाल्यावर धावपळ करू नका. भत्ता चालू असताना मालक कामावरून काढू शकत नाही, कायद्यात तसं कलम आहे.

पीएफमधून कोरोनात तीन महिन्यांचं मूळ वेतन व महागाई भत्ता किंवा जमा रकमेच्या ७५ टक्के, यातलं कमी असेल ते काढता येत होतं. तो आपलाच पैसा, मदत नव्हे, आणि ती सोय २०२४ मध्ये बंद झाली.

नाक्यावर किंवा बांधकामावर जाणाऱ्यांनी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला घेऊन बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करावी. एप्रिल २०२० मध्ये नोंदीत कामगारांच्या खात्यात २,००० रुपये आले, २०२१ मध्ये १,५००. नोंदीत घरकामवाल्या बायांनाही तेव्हा १,५०० मिळाले.

गावच्या रेशनकार्डावर इथल्या दुकानातही अंगठा लावून धान्य मिळतं, फक्त गावी आधार जोडून या.