गेमिंग लॅपटॉपवर लिनक्स टाकायच्या आधी काय काय करून घ्यायचं

बरेच जण डायरेक्ट लिनक्सचा पेनड्राईव्ह बनवायलाच बसतात, पण खरं काम त्याच्या आधी विंडोजमधीच करून घ्यायचं असतंय, ते नीट झालं तर पुढं इन्स्टॉलला काहीच लागत नाही.

पहिलं, तुम्ही खेळता काय ते बघा. व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही, त्याचं व्हॅनगार्ड, म्हणजे चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर, विंडोजच मागतंय. फोर्टनाईटचं तसंच, आणि एपेक्सनी २०२४ मध्ये लिनक्स बंद करून टाकलं. जीटीए ५ ची स्टोरी चालते, ऑनलाईन नाही. काउंटर स्ट्राईक २ आणि डोटा २ तर लिनक्ससाठीच वेगळे बनवलेलेत, बाकी बरंचसं स्टीमच्या प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) चालतंय, २०१८ पासून हे लई सुधारलंय. आपला गेम चालतोय का ते प्रोटॉनडीबी वेबसाईटवर एकदा शोधा. रोज व्हॅलोरंट लागतंच असेल तर विंडोज उडवू नका, ड्युअल बूट करा, म्हणजे दोन्ही ठेवा, आणि लॅपटॉपमधी एसएसडीचा दुसरा एम.२ स्लॉट रिकामा असेल तर लिनक्ससाठी वेगळी एसएसडीच टाका, माझ्या मते यापेक्षा सुखाचा मार्ग नाही.

आता बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, इथं घाई करू नका. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू असतंय आणि मालकाला पत्ताही नसतो, मग बायोसमधी (लॅपटॉप चालू होतानाची सेटिंग) सिक्युअर बूटला, म्हणजे फक्त सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या सेटिंगला, हात लावला की पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागत बसतंय. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून ती की काढा आणि कागदावर लिहा, त्याच लॅपटॉपमधी सेव्ह करून काय उपयोग. घरच्यांचे फोटो, कॉलेजची प्रोजेक्टं बाहेरच्या डिस्कवर घ्या. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या ड्राईव्हवर काही लिहिताच येत नाही. लिनक्सला जागा करायला विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा भाग) विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून कमी करा. इंटेलवाल्या काही लॅपटॉपवर स्टोरेज इंटेलच्या आरएसटी मोडला असतंय, तेव्हा इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नाही, ते बायोसमधून एएचसीआय या साध्या मोडवर न्यावं लागतं, पण विंडोज ठेवायचं असेल तर आधी त्याला सेफ मोडमधी बूट व्हायला लावा आणि मगच बदला, नाहीतर विंडोज उठायचं नाही.

बायोस अपडेट राहिलं असेल तर तेही आत्ताच विंडोजमधून उरकून घ्या, बऱ्याच कंपन्यांचं अपडेट तिथूनच सोपं पडतं. आणि हे लाईटच्या वेळा बघून करा राव. आपल्याकडं डीपीवर काम निघालं की दुपार गेलीच म्हणून समजा, त्यामुळं बॅटरी फुल्ल करून, चार्जर लावून, मगच बसा. इन्व्हर्टरवर लावणार असाल तर अडॅप्टर किती वॅटचा ते बघा, गेमिंगचे २०० वॅटच्या पुढचेही असतात आणि घरात पंखे-टीव्ही चालू असले की छोटा इन्व्हर्टर तेवढं ओढत नाही.

नेटचं म्हणाल तर मोबाईल आणि डेटा केबल जवळ ठेवा. वायफाय ओळखलं नाही तरी यूएसबी टेदरिंग बहुतेक वेळा लगेच चालतंय. गावाकडं जाऊन टाकणार असाल तर आयएसओ (लिनक्सची इन्स्टॉल फाईल) आणि मोठे गेम संभाजीनगरला नाहीतर नांदेडला रूमवर चांगलं नेट आहे तोवरच उतरवून घ्या. स्टीमच्या गेमचं फोल्डर डिस्कवर नेता येतंय, पण खेळताना ते लिनक्सच्या ईएक्सटी४ पार्टिशनवर कॉपी करा, विंडोजच्या एनटीएफएसवर प्रोटॉन कटकट करतंय.

लिनक्सचे बरेच प्रकार आहेत: एनव्हिडिया ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरसाठी पॉप ओएसची वेगळी आयएसओ मिळते, उबंटूमधी अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्समधून होतंय, फेडोराला आरपीएम फ्युजन लागतं. नवीन माणसाला मी उबंटू २४.०४ नाहीतर मिंटच सांगतो. सिक्युअर बूट चालू ठेवलं तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड विचारतात, रिस्टार्टला निळी स्क्रीन येते, तिथं घाबरून कंटिन्यू बूट दाबू नका, एनरोल एमओके निवडा आणि तोच पासवर्ड द्या. ते सुटलं की ड्रायव्हर लोडच होत नाही आणि लोक कार्ड खराब झालं म्हणून दुकानात जातात.

पंखे आणि कीबोर्डच्या लाईटचं कंपनीचं सॉफ्टवेअर इकडं येत नाही. आसुसला एएसयूएससीटीएल (asusctl) नावाचं टूल आहे, लेनोवोच्या लीजनसाठी लेनोवो लीजन लिनक्स आहे, बाकीच्यांनी आपलं मॉडेल आधीच शोधून ठेवावं. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात पारा ४२ च्या वरही जातो, म्हणून पंख्यातली धूळ आधीच काढून घ्या.

इन्स्टॉल दाबायच्या आधी लाईव्ह मोडमधी (पेनड्राईव्हवरूनच लिनक्स चालवून) आवाज, टचपॅड, ब्राईटनेस, वायफाय सगळं तपासा. एचडीएमआय तिथं चाललं नाही तर लगेच नाद सोडू नका, बऱ्याच लॅपटॉपात ते पोर्ट थेट एनव्हिडियाला जोडलेलं असतंय आणि ड्रायव्हर आल्यावर चालू होतंय. नंतर विंडोजमधी घड्याळ साडेपाच तास मागं दिसलं तर लिनक्समधी टर्मिनलवर टाईमडेटसीटीएल (timedatectl) कमांडनी लोकल टाईम लावून टाका.